वाचकांचे प्रश्न : पर्यायी इंधनांच्या ज्वलन-रसायनावरील संशोधन

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात राहते आणि यंदा रसायनशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण केले आहे. आमचा ऊस कारखान्याला जातो आणि कारखान्याची डिस्टिलरी इथेनॉल तयार करते, त्यामुळे या इंधनाचे कुतूहल घरातूनच आले. पर्यायी इंधनांच्या ज्वलनाचे रासायनिक प्रतिमान तयार करणे, या विषयावर पीएच.डी. करावी असे मनात आहे. परंतु यात रसायनशास्त्र नावापुरते असते आणि सगळे काम संगणकच करतो, असे काहीजण सांगतात. शिवाय इथेनॉलसारख्या लहानशा रेणूबद्दल आता शोधण्यासारखे काय उरले असेल, हीही शंका आहे. कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

उत्तर : तुमच्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करते, कारण ती उलगडली की पहिली फारशी उरत नाही. इथेनॉलच्या एका रेणूचा ऑक्सिजनच्या तीन रेणूंशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइडचे दोन आणि पाण्याचे तीन रेणू तयार होतात, हे समीकरण आपण सगळेच शाळेत शिकलो. ते खोटे नाही, परंतु ते वर्षअखेरच्या ताळेबंदासारखे आहे आणि त्यात वर्षभराचे व्यवहार दिसत नाहीत. चार रेणू एकाच धडकेत भेटले, जुने बंध तुटले आणि नवे जुळले, असे ज्वालेत घडत नाही. तिथे हायड्रॉक्सिलसारखा एखादा मुक्त मूलक, म्हणजे जोडीविना उरलेल्या इलेक्ट्रॉनमुळे चंचल झालेला तुकडा, येतो आणि इथेनॉलचा एक हायड्रोजन अणू ओढून नेतो. तो कोणत्या जागेवरचा हायड्रोजन नेतो, यावर पुढचे सगळे ठरते. ऑक्सिजनला जोडलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन गेला, तर उरलेला मूलक हवेतील ऑक्सिजनला भेटून ॲसिटाल्डिहाइड देतो आणि सोबत हायड्रोपेरॉक्सिल हा तुलनेने सुस्त मूलक बाहेर पडतो. टोकाच्या मिथिल गटावरचा गेला, तर चढ्या तापमानाला उरलेला तुकडा फुटून एथिलीन आणि पुन्हा एक चपळ हायड्रॉक्सिल मिळतो. हायड्रॉक्सिल गटावरचाच गेला, तर मुख्यतः फॉर्माल्डिहाइड आणि मिथिल मूलक अशी तिसरी वाट उघडते. या तीन वाटांनी किती-किती रेणू गेले, यावर मिश्रण केव्हा पेट घेईल आणि धुरात ॲल्डिहाइडे किती उतरतील, या दोन्ही गोष्टी अवलंबून असतात.

आता याच्या शेजारी पेट्रोलमधील सरळ साखळीचा एखादा रेणू ठेवून पाहा. नॉर्मल हेप्टेनचा ऑक्टेन क्रमांक, म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याच्या क्षमतेचा आकडा, व्याख्येनेच शून्य मानला आहे, इतक्या सहज तो दाबाखाली पेट घेतो. त्याचा मूलक कमी तापमानाला ऑक्सिजनचा रेणू पकडतो, स्वतःच्याच साखळीवरचा एक हायड्रोजन आतल्या आत सरकवतो, आणखी एक ऑक्सिजन पकडतो आणि शेवटी फुटताना एकाऐवजी दोन हायड्रॉक्सिल मोकळे करतो. साखळीला असे फाटे फुटले की मूलकांची संख्या भराभर वाढते आणि इंजिनात नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी ठोठावणी, सुरू होते. तापमान साधारण ७०० ते ९०० केल्विनच्या पट्ट्यात आले, की हीच वाट उलटी फिरू लागते आणि तापमान वाढवले तरी अभिक्रिया मंदावते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे प्रथम ऐकताना चुकीचे वाटते, तसे मलाही वाटले होते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर हेप्टेनच्या थेंबांवर प्रयोग झाले, तेव्हा डोळ्यांना दिसणारी ज्वाला विझल्यावरही थेंब आकसत राहिले. ते काम याच कमी तापमानाच्या रसायनावर जगणाऱ्या ‘थंड ज्वाले’चे होते.

इथेनॉलजवळ फाटे फोडणारी ही वाट जवळजवळ नाही. त्यामुळे पेट्रोलमध्ये मिसळल्यावर ते हेप्टेनसारख्या घटकांच्या वाट्याचे हायड्रॉक्सिल स्वतः गिळते आणि बदल्यात सुस्त हायड्रोपेरॉक्सिल परत देते. मिश्रणाचा ऑक्टेन क्रमांक इथेनॉलच्या आकारमानाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, याचे एक मोठे कारण हे आहे. भारताने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० चे उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठले. म्हणजे तुमच्या शिवारातून निघालेला रेणू आज देशभरातील इंजिनांमध्ये शेकडो वेगवेगळ्या हायड्रोकार्बनांच्या सोबतीने जळतो आहे, आणि त्या सोबतीचे रसायन एकट्या इथेनॉलच्या रसायनापेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचे आहे. शोधण्यासारखे काय उरले आहे, याचे माझे उत्तर हे आहे.

प्रतिमान म्हणजे या सगळ्या प्राथमिक अभिक्रियांची सूत्रबद्ध नोंद. प्रत्येक रेणूसाठी आणि मूलकासाठी त्याची उष्मागतिकी सांगणारे १४ सहगुणक दिलेले असतात, सात कमी तापमानाच्या पट्ट्यासाठी आणि सात चढ्या तापमानासाठी. प्रत्येक अभिक्रियेसाठी बहुधा तीन आकडे असतात : एक पूर्वघटक, तापमानाचा एक घातांक आणि सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया होण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा. स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणाचेच हे विस्तारित रूप आहे. नैसर्गिक वायूसाठीच्या जीआरआय-मेक ३.० या सुपरिचित प्रतिमानात ५३ घटक आणि ३२५ अभिक्रिया आहेत. बायोडिझेलचा प्रतिनिधी म्हणून अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत मिथिल डेकॅनोएटचे जे प्रतिमान तयार झाले, त्यात सुमारे ३,००० घटक आणि ८,००० हून अधिक अभिक्रिया आहेत.

तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर इथे आहे. ही समीकरणे सोडवण्याचे काम संगणकच करतो. मात्र ते आकडे कुठून आणायचे, हे तो ठरवत नाही. काही आकडे प्रत्यक्ष मोजलेले असतात, काही पुंजरसायनाच्या (क्वांटम केमिस्ट्रीच्या) गणनेतून येतात, आणि मोठ्या प्रतिमानांतील बहुसंख्य आकडे सादृश्यावर बेतलेले असतात : या रेणूवरचा हा हायड्रोजन त्या रेणूवरच्या त्या हायड्रोजनासारखा आहे, म्हणून वेगही तोच धरू. ‘सारखा आहे’ हे म्हणण्यासाठी रसायनशास्त्रच लागते. कोणता बंध किती दुबळा आहे, संक्रमण अवस्थेत पाच अणूंचे कडे होईल की सहा अणूंचे, शेजारच्या ऑक्सिजनमुळे हायड्रोजन बंध तयार होऊन अडथळा खाली येईल का, हे प्रश्न दररोज समोर येतात. पुंजरसायनाच्या चांगल्या गणनेतही सक्रियण ऊर्जेत मोलमागे १ किलोकॅलरीची चूक राहू शकते. तेवढ्याने ७०० केल्विनला वेग-स्थिरांक जवळपास दुप्पट किंवा निम्मा होतो. हा हिशेब तुम्ही स्वतः कागदावर करून पाहावा, अशी माझी विनंती आहे. पुढे कोणताही आकडा हातात घेताना तो मनात राहतो.

या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला मी जे आवर्जून सांगते, ते माझ्या स्वतःच्या चुकीतून शिकलेले आहे. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी एका मिथिल एस्टरचे (बायोडिझेल ज्या वर्गातील रेणूंचे बनते, त्यांपैकी एकाचे) माझे प्रतिमान शॉक ट्यूबमध्ये (आघात-तरंगाने वायू क्षणात तापवणाऱ्या नळीत) मोजलेल्या प्रज्वलन-विलंबाशी, म्हणजे पेट घ्यायला लागणाऱ्या वेळेशी, इतके नेमके जुळले, की मी आलेख घेऊन मार्गदर्शकांकडे धावतच गेले. त्यांनी आलेख पाहिला आणि एवढेच विचारले, की एथिलीन किती येते? मी ते पाहिलेच नव्हते. वायूच्या झोतांनी मिश्रण सतत ढवळणाऱ्या जेट-स्टर्ड रिॲक्टरमधील मोजमापांशी ताडून पाहिले, तेव्हा माझ्या प्रतिमानात एथिलीन जवळजवळ दुप्पट निघत होते. पुढचे पाच महिने मी एकेका अभिक्रियेचा माग काढत मागे गेले. एका जुन्या प्रतिमानातून मी उचललेला वेग-स्थिरांक मूळ शोधनिबंधात अगदी वेगळ्या तापमान-पट्ट्यासाठी दिलेला होता. त्याने केलेली घाई माझ्या दुसऱ्या एका अंदाजी आकड्याच्या दिरंगाईने भरून निघत होती. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या आणि आलेख सुरेख दिसत होता.

म्हणून एखाद्या प्रयोगाशी जुळणे हा प्रतिमान खरे असल्याचा पुरावा नव्हे. प्रज्वलन-विलंब, ज्वालेचा वेग आणि मधल्या घटकांचे प्रमाण अशा वेगवेगळ्या मोजमापांसमोर एकच प्रतिमान, एकही आकडा न हलवता, उभे करून पाहावे लागते. आकडा हलवावासा वाटलाच, तर त्याला रसायनशास्त्रात आधार आहे का, हे आधी पाहावे लागते. जीआरआय-मेकच्या कर्त्यांनीही वापरणाऱ्यांना बजावले आहे, की यातील एखादाच स्थिरांक सुटा बदलू नये, कारण सगळे आकडे एकत्र समायोजित केलेले आहेत. आकड्याची वंशावळ ठाऊक नसेल तर तो वापरू नये, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते आणि त्यांच्या वह्यांत प्रत्येक स्थिरांकासमोर मूळ शोधनिबंधाची नोंद आहे का, ते तपासते. काम संथ होते, पण दुसरा मार्ग मला माहीत नाही.

तयारी म्हणून पहिले वर्षभर इथेनॉललाही हात लावू नका. हायड्रोजनपासून सुरुवात करा. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे मिश्रण ठरावीक तापमानाला कमी दाबाखाली शांत राहते, दाब वाढवला की स्फोट होतो, आणखी वाढवला की पुन्हा शांत होते आणि त्याही पुढे पुन्हा स्फोट होतो. या कोड्याची साखळी-अभिक्रियांनी उकल करणाऱ्या निकोलाय सेम्योनोव्ह आणि सिरिल हिन्शेलवूड यांना १९५६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पंचवीस-तीस अभिक्रियांत सारे सामावते, त्यामुळे प्रत्येक आकडा हाताळून पाहता येतो. हायड्रोजन अणू ऑक्सिजनच्या रेणूशी भिडून हायड्रॉक्सिल आणि ऑक्सिजन अणू देतो, ही अभिक्रिया तिथे नीट ओळखून घ्या, कारण पुढे बहुतेक प्रत्येक इंधनाच्या ज्वालेत वेगावर सर्वाधिक प्रभाव तिचाच दिसेल. कँटेरा ही आज्ञावली विनामूल्य मिळते आणि पायथनमधून चालवता येते. तिच्यात मिथेन आणि हवेची ज्वाला सोडवून वेग सेकंदाला ३७-३८ सेंटिमीटरच्या आसपास येतो का, ते पाहा.

संस्थांपैकी बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि चेन्नईच्या आयआयटी मद्रासमधील राष्ट्रीय ज्वलन संशोधन आणि विकास केंद्र यांची माहिती अवश्य घ्या. परदेशात आयर्लंडमधील गॉलवे, फ्रान्समधील ऑर्लेआँ आणि नॅन्सी, जर्मनीतील आखेन येथील गट या विषयासाठी ओळखले जातात. संस्थेच्या नावापेक्षा, त्या गटात किंवा शेजारच्या प्रयोगशाळेत मोजमापे होतात का, याला मी अधिक महत्त्व देईन. दोन वर्षांत एखादा महिना तरी शॉक ट्यूबजवळ उभे राहून काढावा. तिथे अभ्यासाला जेमतेम काही मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात घेतलेल्या एका बिंदूमागे किती अनिश्चितता असते, हे पाहिल्यावर आलेखावरच्या ठिपक्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

प्रश्न : मी अभियांत्रिकी महाविद्यालयात अंतर्ज्वलन इंजिने शिकवतो. हजारो अभिक्रियांची ही प्रतिमाने इंजिनाच्या संगणकीय अभिकल्पात प्रत्यक्ष वापरता येत नाहीत, मग ती तयार करण्यात विद्यार्थ्यांची चार-पाच वर्षे का घालवावीत? आता यंत्र-शिक्षणाने (मशीन लर्निंगने) थेट निष्कर्ष काढता येणार नाहीत का? (एक अध्यापक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे. इंजिनाच्या ज्वलनकक्षाचे १० लाख लहान कप्पे केले आणि प्रत्येकात ३,००० घटकांचा हिशेब ठेवला, तर प्रत्येक क्षणाला ३०० कोटी आकडे सांभाळावे लागतात. त्यात काही मूलकांचे आयुष्य नॅनोसेकंदांत मोजावे लागते, तर इंजिनाचा फेरा मिलिसेकंदांचा असतो. ही तफावत गणिताला फारच जड जाते.

म्हणूनच मोठे प्रतिमान छाटून लहान करणे ही या संशोधनाची स्वतंत्र शाखा आहे. कोणता घटक काढला तर कोणत्या घटकाच्या वेगात किती चूक येते, याचा नकाशा काढून फांद्या तोडत जातात आणि हजारोंचे प्रतिमान शे-दोनशे घटकांवर आणता येते. पण छाटणीसाठी आधी झाड पूर्ण वाढलेले असावे लागते. बायोडिझेलच्या इतिहासात याचे बोलके उदाहरण आहे. आरंभी मिथिल ब्युटेनोएट हा लहान एस्टर प्रतिनिधी म्हणून घेतला गेला. त्याने एस्टर गटाचे वर्तन चांगले दाखवले, विशेषतः त्या गटातील दोन्ही ऑक्सिजन एकाच कार्बनला धरून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने लवकर निघून जातात आणि काजळी रोखण्याची त्यांची क्षमता त्यामुळे काहीशी वाया जाते, ही गोष्ट त्या अभ्यासांतून पुढे आली. मात्र त्याची कार्बन-साखळी इतकी आखूड होती, की खऱ्या बायोडिझेलमध्ये दिसणारे कमी तापमानाचे रसायन त्यात जवळजवळ उमटलेच नाही. त्यामुळे मिथिल डेकॅनोएटपर्यंत आणि पुढे सोयाबीन तेलातून येणाऱ्या पाच प्रत्यक्ष एस्टरांपर्यंत जावे लागले. त्या पाचांपैकी लिनोलिएट आणि लिनोलेनेट यांच्या साखळीतील दुहेरी बंध आतल्या आत हायड्रोजन सरकवण्याच्या पायरीत अडथळा आणतात, म्हणून असंपृक्तता वाढली की सीटेन क्रमांक, म्हणजे डिझेल-इंजिनात इंधन किती सहज पेट घेते त्याचा आकडा, उतरतो. करंज, सोयाबीन आणि पाम या तेलांची बायोडिझेले इंजिनात वेगवेगळी का वागतात, हे आपल्या विद्यार्थ्यांना समजावताना या एका पायरीचा उपयोग होईल.

विमान-इंधनासाठी याहून वेगळी वाट निघाली आहे आणि ती मला फार आवडते. स्टॅनफर्डच्या गटाने मांडलेल्या ‘हायकेम’ पद्धतीचा आधार असा, की चढ्या तापमानाला मोठे रेणू ऑक्सिजनशी संयोग पावण्याआधीच एथिलीन, मिथेन, प्रोपीन, ब्युटीन, बेंझीन, टोल्युईन अशा मोजक्या तुकड्यांत फुटतात. ते तुकडे शॉक ट्यूबमध्ये प्रत्यक्ष मोजायचे आणि पुढचे ज्वलन लहान रेणूंच्या विश्वासार्ह प्रतिमानाकडे सोपवायचे. कमी तापमानाच्या पट्ट्यात हे गृहीतक तसेच्या तसे चालत नाही, एवढे भान ठेवावे लागते.

यंत्र-शिक्षणाबद्दल माझे मत थोडक्यात सांगते. वेग-स्थिरांकांचे अंदाज बांधायला आणि गणना वेगवान करायला ते उपयोगी पडतेच. एमआयटीतील गटाने विकसित केलेली आरएमजी ही आज्ञावली कित्येक वर्षांपासून अभिक्रियांची यादी स्वतः तयार करते आहे. परंतु ज्या इंधनावर दहा-बाराच मोजमापे झाली आहेत, तिथे थेट निष्कर्ष काढणारे यंत्र शिकणार कशावरून? नव्या इंधनांची अडचण नेमकी हीच असते. प्राथमिक अभिक्रियांवर उभे राहिलेले प्रतिमान मोजमापांच्या कक्षेबाहेरही काही आधाराने बोलू शकते, म्हणून ती चार-पाच वर्षे मला वाया गेलेली वाटत नाहीत.

प्रश्न : माझ्या मुलीने याच विषयात पीएच.डी.ला प्रवेश घेतला आहे. सगळीकडे विजेच्या गाड्या येत असताना इंधन जाळण्याच्या अभ्यासाला भवितव्य आहे का, ही काळजी वाटते. (एक पालक, नाशिक)

उत्तर : आपली काळजी मी समजू शकते. स्कूटर आणि लहान मोटारी विजेवर जातील, असे मलाही वाटते आणि तसे व्हावे अशीच इच्छा आहे. विमानाचे तसे नाही. विमान-इंधनाच्या एका किलोत सुमारे ४३ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि आजच्या चांगल्या बॅटरीच्या एका किलोत १ मेगाज्यूलच्या आसपास. त्यामुळे लांब पल्ल्याच्या विमानांना द्रव इंधन बराच काळ लागणार आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये डेहराडूनहून दिल्लीला मोगली एरंडाच्या तेलापासून केलेले इंधन मिसळून विमान गेले, ते इंधन डेहराडूनच्याच भारतीय पेट्रोलियम संस्थेने तयार केले होते. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने तयार केलेले जैव इंधन मिसळले होते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०२८ मध्ये २ टक्के शाश्वत विमान-इंधन मिसळण्याचे भारताचे उद्दिष्ट आहे. अशा प्रत्येक नव्या इंधनाबाबत, उंचावरच्या थंड आणि विरळ हवेत विझलेले इंजिन पुन्हा पेटेल का, हा प्रश्न सोडवावाच लागतो आणि त्याच्या उत्तरात ज्वलन-रसायनाचा वाटा मोठा असतो.

जहाजांसाठी अमोनियाचा विचार चालू आहे. अमोनियात कार्बनच नसतो, पण त्याची ज्वाला हवेत सेकंदाला जेमतेम ७ सेंटिमीटर वेगाने पुढे सरकते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा प्रश्न उभा राहतो. त्याच्या ज्वालेतील ॲमिनो मूलक आणि नायट्रिक ऑक्साइड यांची अभिक्रिया दोन वाटांनी जाते. एका वाटेने निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाणी मिळते, तर दुसरीने ज्वाला चालू ठेवणारे मूलक मिळतात, आणि या वाटणीतील लहानशा फरकानेही प्रतिमानाचे उत्तर बदलते. आपल्या कन्येने विषय अजून नक्की केला नसेल, तर अमोनियाकडे तिने जरूर पाहावे. शिवाय हीच गणिते आणि हेच रसायन वातावरणातील प्रदूषकांच्या अभ्यासात आणि बॅटरी तापून निघणाऱ्या ज्वलनशील वायूंच्या अभ्यासातही लागते, त्यामुळे विजेच्या गाड्या आल्या म्हणून तिचे शिक्षण निरुपयोगी ठरणार नाही. तिला पहिल्या वर्षात निकाल दिसले नाहीत, तर घरून घाई करू नये, एवढी विनंती आहे. त्या वर्षात ती बहुधा दुसऱ्यांच्या आकड्यांची मुळे शोधत असेल, आणि ते करणे तिच्या कामासाठी आवश्यकच आहे.